कारध्याला उतरणारी

१

साकोलीच्या एका खासगी शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी मिळाली तेव्हा सांगलीतल्या आमच्या गल्लीनं मला परदेशी निघाल्यासारखा निरोप दिला. त्यात फारसं चुकीचं नव्हतं. राज्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं, अख्खा दिवस आणि रात्र गाडीत काढायची, आणि उतरल्यावर रिक्षावाल्यानं "कोठी जाऊन राहिल्या जी?" असं विचारलं की आपलीच मराठी कान टवकारून ऐकायची. पहिले काही दिवस मलाच कुणीतरी शिकवणी लावायला हवी होती.

राहायचं कुठं, हा खरा प्रश्न होता. भंडारा म्हणजे जिल्ह्याचं गाव, सगळं हाताशी, पण शाळा तासाभराच्या बसवर. नदी ओलांडली की कारधा. तिथली एक खोली मला आवडली होती, खिडकीतून वैनगंगा दिसत होती, पण दिवेलागण झाली की तिथं कुत्रंही भुंकायला कंटाळत असावं. आणि खुद्द साकोलीत मनासारखं घर मिळेना. शेवटी मी भंडाऱ्यात एक खोली घेतली आणि रोजचं येणं-जाणं पत्करलं.

हे सगळं तात्पुरतं होतं. माझी मुलगी बकुळ, वय वर्षं सात, सांगलीला माझ्या आईकडे होती. तिचे बाबा वेगळे राहतात, त्यांच्याविषयी एवढंच पुरे. आईचे गुडघे गेलेत, तिच्यानं आता फार काळ होणार नव्हतं. दिवाळीनंतर बकुळला घेऊन यायचं, इथल्या शाळेत घालायचं, असं ठरलं होतं. निघताना बकुळनं स्वतःचा पिवळा रुमाल माझ्या पर्समध्ये कोंबला. त्याच्या कोपऱ्यावर आजीनं लाल दोऱ्यानं 'ब' काढलेला आहे.

"आई, तिकडं माझी जागा धरून ठेव," ती म्हणाली.

मी "हो" म्हटलं.

२

यष्टी स्टँडला लागली की आत शिरायच्या आधी खिडकीतून रुमाल टाकायचा, हे काही मला नवीन नव्हतं. जागा धरायची ही रीत सांगलीपासून भंडाऱ्यापर्यंत सारखीच. रुमाल पडला की जागा तुमची, मग तुम्ही दाराशी कितीही रेंगाळा. लोक एकमेकांच्या डोक्यावर चढतील, पण दुसऱ्याच्या रुमालावर बसणार नाहीत.

मी शहाणपणा केला तो पुढचा. मांडीवर वह्यांचा गठ्ठा, पर्स, डबा. शेजारी कुणी बसलं की आधी चौकशा, मग डुलकी, मग डोकं माझ्या खांद्यावर. आई म्हणते तसं, भटाला दिली ओसरी. म्हणून मी स्वतः बाकाच्या कडेला बसायचे आणि खिडकीच्या जागेवर बकुळचा रुमाल अंथरून ठेवायचे.

पहिल्या दिवशी एका आजोबांनी विचारलं, "मॅडम, हे जागा खाली आहे का?"

"नाही, मुलगी यायचीय. कारध्याला चढणार आहे."

कारध्याचं नाव तोंडात आलं कारण पूल ओलांडला की तेच गाव. तोवर गर्दी आपापली बसलेली असते, मग कोण बघतंय चढलं का नाही. संध्याकाळी परतताना हेच उलटं: "मुलगी आहे, खाली उतरलीय, येतेय. कारध्यापर्यंत जायचंय तिला." आजोबा बिचारे "बरं बरं" म्हणत पुढं सरकले. मी खिडकीच्या जागेवर वह्या ठेवल्या आणि तपासायला घेतल्या. खोटं बोलल्याचं मला काही वाटलं नाही, उलट स्वतःवर खूश होते.

३

ऑक्टोबर संपत आला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान पिवळं पडलं होतं. मी आता रुळले होते. ड्रायव्हर-कंडक्टर ओळखीचे झाले होते. कंडक्टरचं नाव कवडू, पन्नाशीचा, हसरा, कानात बाळी.

एका सकाळी साकोली स्टँडवर उतरताना मी रुमाल उचलला तर तो गरम लागला.

गरम म्हणजे उन्हानं तापलेला नव्हे. यष्टीत कुणीतरी उठून गेल्यावर लगेच त्या जागेवर बसलं की जी ऊब लागते, ती. सगळ्यांना माहीत असते आणि कुणालाच आवडत नाही. मी रेक्झिनवर हात ठेवला. रुमालाएवढाच भाग उबदार होता, भोवतालचं बाक गार. खिडकी सावलीच्या बाजूची होती. मग मी स्वतःला सांगितलं की खालून इंजिनाची झळ येत असणार. बाक मागच्या चाकाजवळ होतं आणि इंजिन पुढं असतं, हे मला शाळेत पोचल्यावर सुचलं.

त्या दिवसापासून मी लक्ष ठेवायला लागले, आणि मग दुसरी गोष्ट ध्यानात आली. मला खोटं बोलावं लागत नव्हतं. किती दिवसांत मला कुणी "खाली आहे का" म्हणून विचारलंच नव्हतं. बस खचाखच भरलेली, बाया दांड्याला लोंबकळतायत, आणि माझ्या शेजारची जागा कुणाच्या नजरेतच येत नव्हती. लोक बघायचे आणि पुढं जायचे, भरलेल्या बाकाकडे बघून जातात तसं.

आणि कारधा. संध्याकाळी बस कारध्याला थांबायची. बाजाराचा दिवस सोडला तर उतरणारं कुणी नसायचं. कवडू दार उघडायचा, खाली बघायचा, कुणाला तरी सांभाळून उतरू दिल्यासारखा थोडा थांबायचा, आणि मग दोरी ओढायचा. घंटी वाजायची, बस पुलावर चढायची.

"इथं रोज का थांबता हो?" मी एकदा विचारलं.

तो हसला. "आता थांबाच लागते ना, मॅडम."

मीही हसले. काय विचारणार पुढं? दुसऱ्या दिवशी तिकीट काढताना तो म्हणाला, "दोन हाफ ना जी?" बायकांना हल्ली अर्धंच तिकीट लागतं, पोरांनाही अर्धं.

"एकच," मी म्हटलं.

"बरं, राहू द्या. लहानच आहे," असं म्हणून त्यानं एकच फाडलं.

४

कवडूला मी सांगितलेली थाप कुणीतरी सांगितली असणार आणि तो माझी फिरकी घेत असणार, असं मी ठरवलं. इकडचे लोक फिरकी घेण्यात पटाईत आहेत. सरळ चेहऱ्यानं बोलतात आणि आपण फसलो की मग आठवडाभर चहाबरोबर तोच विषय. हा खुलासा मला अगदी पटला. चार दिवस झोपही बरी लागली.

मग सातवीच्या वर्गात मी बोलण्याचा सराव घेतला. ओळखीच्या कुणाहीबद्दल इंग्रजीत दोन-तीन वाक्यं बोलायची. शालू नावाची मुलगी आहे, लाखनीहून माझ्याच बसनं येते, कधी तोंड उघडत नाही. ती आपणहून उभी राहिली तेव्हा मला आनंदच झाला.

"अवर टीचर कम्स बाय बस," ती म्हणाली. "हर डॉटर कम्स विथ हर. शी सिट्स निअर द विंडो. शी डझ नॉट टॉक."

एकही चूक नव्हती. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"शालू, माझी मुलगी सांगलीला असते," मी म्हटलं.

शालूनं वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती, हे मी तीस पोरांच्या देखत शपथेवर सांगायला तयार होते. तिला वाटलं आपलं इंग्रजी चुकलं. तिचे डोळे भरून आले आणि ती खाली बसली. मी फळ्याकडे वळले आणि आधीच लिहिलेली तारीख पुसून पुन्हा लिहिली.

५

त्या संध्याकाळी मी रुमाल बाहेर काढलाच नाही. पर्सची चेन लावली, बाकाच्या कडेला बसले, खिडकीची जागा मोकळी ठेवली. येऊ दे कुणालाही, बसू दे, घोरू दे, माझ्या खांद्यावर लाळ गाळू दे.

कुणी आलं नाही.

पार्वताबाई म्हणून एक म्हातारी आहे. कारध्याहून साकोलीच्या बाजाराला शिंगाडे घेऊन येते आणि संध्याकाळी रिकाम्या टोपल्या घेऊन परत जाते. ती माझ्या बाकाशेजारी उभी होती, दांड्याला धरून, पाय थकलेले.

"बसा ना, आजी. जागा आहे," मी म्हटलं. माझा आवाज जरा मोठाच झाला असावा.

ती वाकली. खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मॅडम, हे पोरगी कोणाची जी?"

मी पर्स मांडीवर ओढून घेतली. मग मी म्हटलं, "माझी... असं लोक समजतात."

"तुमची नोहोय," ती हळूच म्हणाली. "तुमची असती त कधीमधी तुमच्याकडे पाह्यली असती. हे त भायेरच पाह्यते." आणि टोपल्या उचलून, गर्दीतून वाट काढत ती पार पुढं ड्रायव्हरपाशी जाऊन उभी राहिली.

बाहेर अंधारून आलं होतं. थंडी पडायला लागली होती, काचा बंद होत्या. मी खिडकीकडे बघणार नव्हते, पण बघितलं. काचेवर, खालच्या बाजूला, लहान मूल बसलं तर त्याचं तोंड येईल तेवढ्या उंचीवर, वाफेचा एक गोल होता. तो हळूहळू लहान झाला. मग पुन्हा मोठा झाला. मग लहान.

मला भीती वाटली. शिक्षणाबिक्षणाचा काही उपयोग झाला नाही, मी वह्यांचा गठ्ठा छातीशी धरून उभी राहिले. तशीच उभी राहून भंडाऱ्यापर्यंत आले. कारध्याला बस थांबली तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. घंटी झाल्यावर उघडले. काच कोरडी होती.

६

रोग बसमध्ये आहे, तर बसच सोडायची. आठवड्याभरात मी साकोलीत घर बघितलं. शाळेतल्याच एका सरांच्या ओळखीचे टिकाराम, धानाचे शेतकरी, त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या. पुढची खोली, आतली खोली, मधे दार नाही, पडदा. अंगणात नव्या तणशीचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा ढीग, त्याचा गोडसर वास. टिकारामांच्या बायकोनं, शकुनबाईंनी, पोरगी येणार म्हटल्यावर कौतुकानं आतल्या खोलीत एक लहानशी खाट टाकून दिली.

शेवटच्या दिवशी सामान घेऊन बसनं आले. उतरताना मी पर्समधून बकुळचा रुमाल काढला, खिडकीच्या जागेवर ठेवला आणि मागं न बघता खाली उतरले. माझ्या लेकीचा रुमाल होता, ठेवताना जीव तुटला. पण ज्याची त्याला जागा देऊन टाकली, मिटलं, असं मला वाटलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते खोटं नाही.

दोन दिवसांनी शाळेतून आले तर शकुनबाई अंगणात धान वाळवत होत्या.

"मॅडम, पोरगी आली तुमची, सांगतलं बी नाही आमाले!" त्या रुसून म्हणाल्या. "अन् लय लाजाळू आहे बाप्पा. दोनदा हाक मारली, पाठच करून बसली."

"कुठं?"

"आतमंदी. खाटेवर." मग त्यांना आठवलं. "अन् तो कंडक्टर येऊन गेला. तिचा रुमाल बसमंदी राह्यला होता म्हणे. मी धुवून ठेवला."

मी पुढच्या खोलीत उभी राहिले. चपला काढायचं सुचलं नाही. संध्याकाळचं ऊन कौलाच्या काचेतून पडद्यावर पडलं होतं. पडदा जमिनीपासून थोडा वर होता, आणि त्याच्या खालून खाटेचे पुढचे दोन पाय दिसत होते. त्या दोन पायांच्या मधे, खाटेवरून खाली सोडलेलं, एक लहान पाऊल होतं. टाच धुळीनं पांढरी. ते हलत नव्हतं.

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा फक्त खाटेचे पाय होते. मी पडदा बाजूला केला. खाट रिकामी. उशीवर पिवळा रुमाल चारी कोपरे ओढून नीट अंथरलेला होता, जागा धरताना अंथरतात तसा. शकुनबाईंनी ठेवला असेल. त्यांना विचारायचं धाडस मला झालं नाही.

मी पुढच्या खोलीत परत आले आणि सांगलीला फोन लावला. आई म्हणाली, माझा दादा सोमवारचं रिझर्वेशन करतोय. मी म्हटलं, "नको. बकुळला आणू नका." आई विचारत राहिली. मी घर ओलं आहे, शाळा बरोबर नाही, असं काहीबाही सांगितलं. तेवढ्यात बकुळनं फोन ओढून घेतला.

"आई, तू म्हणालेलीस माझी जागा धरलीयस."

"नाही गं धरली, राणी."

"खाट घेतलीस म्हणालीस!"

"नाही. इथं तुला जागा नाही." हे मला म्हणायलाच हवं होतं. काय ते अंगाला लागलंय ते मला कळत नव्हतं, पण तिच्या नावानं धरलेली जागा मोडायची तर तिच्याच नावानं मोडायला हवी, एवढंच त्या वेळी सुचलं. "तू इकडं येऊ नकोस, बकुळ. येणार नाहीयेस तू."

पलीकडे ती रडायला लागली. आवाज न करता रडते ती, फक्त श्वास ऐकू येतो. आणि त्याच वेळी आतल्या खोलीत खाटेच्या दोऱ्या करकरल्या. इतका वेळ अंग चोरून बसलेलं कुणीतरी आता ऐसपैस आडवं होत होतं.

फोन घट्ट धरून उभी राहिले.

बकुळचं रडणं एकदम थांबलं. "आई," ती म्हणाली, "ती 'मी आहो ना' म्हणाली. कोण आहे तिथं?"

मी काही ऐकलं नव्हतं.

७

आता मी पुन्हा भंडाऱ्यात राहते. टिकारामांना ॲडव्हान्स सोडून दिला. लोक म्हणतात, साकोलीत घर मिळालेलं सोडून ही बाई रोज तासभर बस कशाला करते. मी सांगते, भंडाऱ्यात भाजी चांगली मिळते.

खरं कारण असं की घरात ती झोपते, आणि बसमध्ये फक्त बसते. सकाळी कारध्याला चढते, संध्याकाळी कारध्याला उतरते. मधला वेळ माझा जातो, रात्र मात्र मोकळी मिळते. आता मी रुमाल स्वतः अंथरते आणि कवडूनं विचारायच्या आधीच "दोन हाफ" म्हणते. पार्वताबाईंनी माझी बस सोडली, त्या आधीच्या गाडीनं जातात. खिडकीशी बसलेल्या तिच्याकडे मी बघत नाही, तीही माझ्याकडे बघत नाही. माणूस कशालाही सरावतं. जोवर ती इथं माझ्या शेजारी आहे तोवर सांगलीत बकुळच्या जागेवर बकुळच आहे, असा माझा हिशेब आहे आणि तो मला पुरतो.

मोकळ्या रात्रींचा आठवडा गेला, दोन गेले, महिना गेला. माझी भीड चेपली. भंडाऱ्याच्या खोलीत काही नाही, हे मी शंभरदा तपासलं. मग बकुळ फोनवर रुसून बोलेनाशी झाली तेव्हा मला राहवेना, आणि मीच म्हटलं, नाताळच्या सुट्टीत ये, तुझी जागा धरून ठेवते. चार दिवस. भंडाऱ्यातच राहू, साकोलीला जायचंच नाही. काल दुपारी आईचा फोन आला. दोघी निघाल्या, गाडीत जागा मिळाली, आज सकाळी भंडारा रोडला उतरतील. इतक्या महिन्यांत मी वर्गात मोठ्यांदा हसले ते कालच. पोरं चकित झाली.

काल संध्याकाळी बसमध्येही मी आनंदात होते. कारधा आलं. उजव्या हाताला चहाची टपरी, मग थांबा. बस हळू झाली नाही. टपरी मागं गेली, थांबा मागं गेला, चाकं पुलावर लागली तसा आवाज बदलला.

"कवडूभाऊ," मी म्हटलं, "आज थांबला नाहीत?"

तो पैसे मोजत होता. त्यानं वर बघितलं, माझ्याकडे आणि मग माझ्या शेजारी, आणि ओळखीचं हसला.

"कायले थांबू, मॅडम? आता त ते तुमच्याच संगं भंडाऱ्याले राह्यते ना. परवा तिनंच सांगतलं."

खाली नदी काळी दिसत होती. मी बाकावरचा हात उचलला नाही, कारण त्यावर कुणीतरी आपला हात ठेवला होता. आणि काल पहिल्यांदाच, खिडकीकडून नव्हे, माझ्या गालावर कुणाचा तरी श्वास येत होता. ती माझ्याकडे बघत होती.